पाटी कुणी नेली

१२ ऑक्टोबर २००८, रविवार

लावली एकदाची निवडणुकीची पाटी! चर्चमधून आल्या आल्या, चांगले कपडेही न बदलता. मैत्रीण रोझेटाने गाडीच्या डिकीतून काढून दिली. आपला, काळा माणूस राष्ट्राध्यक्षपदाला उभा आहे, त्याचं नाव, निळ्यावर पांढरं, खाली तारेचे दोन पाय. जमीन अशी टणक झालीय की टाचेने दाबून बसवावी लागली. बुटाची टाच गेली. जाऊ दे.

या रस्त्यावरची ही पहिली पाटी. तशी घरं तरी किती? आमचं, समोर मिस्टर हॉइटचं, आणि पुढे कापसाचं रान. तिथे रस्ताच संपतो. रोझेटा म्हणाली, "बघणार कोण गं इथे? ससे?" म्हटलं, मी बघेन. पंचावन्न वर्षं मिसिसिपीत काढली, एवढं बघायचा हक्क आहे मला.

बाबा पडवीत बसले होते. विचारलं, कशी दिसते? "चांगली आहे," म्हणाले. मग काठी टेकत उठले आणि खुर्ची ओढून बाजूच्या भिंतीकडे नेली. ऊन लागत असेल.

१४ ऑक्टोबर

पाटी नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातून तीन वाजता परत आले तर अंगणात नुसती दोन भोकं. बाबांना विचारलं. "मी आत पडलो होतो, नेल. काही ऐकलं नाही."

वारा म्हणावा तर झाडाचं पान हललेलं नाही.

१७ ऑक्टोबर

रोझेटाकडून दुसरी आणली. या वेळी हातोडीने ठोकली. मिस्टर हॉइट त्यांच्या पडवीत कॉफी घेत बघत होते. हात केला. मीही केला.

१९ ऑक्टोबर, रविवार

हीही गेली. गाण्याच्या तालमीला गेले होते, तेवढ्यात.

रोझेटाला फोन केला. ती म्हणाली, "व्हर्नेल, तुमच्या रस्त्याला येतं कोण? टपालवाला, आणि समोरचा म्हातारा. टपालवाला आपलाच आहे."

बाबा जेवले नाहीत नीट. हेही त्या पाटीपायीच. त्यांच्यासारख्या माणसाच्या अंगणात येऊन कुणी असं करावं!

लिहून ठेवते, कारण राग आला की मला सगळं आठवतं आणि झोप येत नाही. बासष्ट साली मतदार म्हणून नाव नोंदवायला बाबा कचेरीत गेले. तेव्हाची रीत अशी की जो कुणी काळा माणूस नोंदवायला जाईल त्याचं नाव दोन आठवडे पेपरात छापायचं, म्हणजे मालकाला, दुकानदाराला, सगळ्यांना कळेल. छापलं. इझेल टॉलिव्हर. मालक म्हणाला, जा, नाव मागे घे. बाबा गेले नाहीत. मालकाने खोली खाली करायला सांगितली. आणि ती व्हायच्या आत एका रात्री हिरवा ट्रक आला, आतून घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. मी नऊ वर्षांची, पलंगाखाली. पुढच्या खिडकीची काच आईच्या दंडात गेली. आई त्यानंतर मरेपर्यंत कधी खिडकीशी बसली नाही.

बाबांनी तरीही नाव मागे घेतलं नाही. पासष्ट साली मत दिलं. त्यानंतर एकही निवडणूक चुकवली नाही. दर जानेवारीत चर्चमध्ये त्यांना उभं करतात, कोटाला पांढरं फूल लावतात. मला मोठं करताना त्यांनी पैसाअडका दिला नाही, नव्हताच. ही एक गोष्ट दिली. मुख्याध्यापकासमोर, बँकेत, दवाखान्यात, कुठेही माघार घ्यावीशी वाटली की मी मनात म्हणते, इझेल टॉलिव्हरची मुलगी आहेस तू.

आणि आता त्यांच्या अंगणातून पाटी उपटून नेतात.

२० ऑक्टोबर

समोर गेले. चांगल्या शब्दांत विचारलं, "मिस्टर हॉइट, आमची पाटी कुणी नेली ते दिसलं का तुम्हाला?"

त्यांनी कप कठड्यावर ठेवला. "व्हर्नेल, खोटं कशाला बोलू? तुझ्या माणसाला मी मत देणार नाही. पण तुझ्या पाटीला मी हात लावलेला नाही."

पहिलं खरं, हे कळलं. मग दुसऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि विचारलं होतं, दिसलं का. त्याचं उत्तर दिलंच नाही.

बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले, "मिस्टर हॉइटला यात ओढू नकोस." मिस्टर हॉइट! बाबा एक्क्याऐंशीचे, हॉइट सहासष्टचे. तरी हे त्यांना मिस्टर, आणि ते यांना नुसतं इझेल. तीस वर्षं समोरासमोर राहतात, दर गुरुवारी तळ्यावर गळ टाकून बसतात, एकाच डब्यातले गांडूळ वापरतात, आणि हे अजून तसंच.

२५ ऑक्टोबर

तिसरी पाटी बुधवारी लावली होती. आज नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते झालं.

मिस्टर हॉइट दुपारी पेकान, ते अक्रोडासारखे दाणे, घेऊन आले. दरवर्षी आणतात, त्यांच्या झाडाचे, सोलून. पिशवी पुढे केली. मी दारातच उभी. म्हटलं, पाट्या नेता आणि वर पेकान आणता? ते म्हणाले, "मी सांगितलंय तुला." मी म्हटलं, सांगितलंत, खूप सांगितलंत. आणि मग तोंडाचा ताबा गेला. या घरात कुणीही कधीही मोठ्याने म्हटलं नव्हतं ते मी म्हटलं, "बासष्ट साली या गावात हिरवा ट्रक एकाचाच होता. तुझ्या बापाचा. तू त्याचाच पोरगा. रक्त जाईल कुठे?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं.

त्यांचा चेहरा कणकेसारखा झाला. पिशवी पायरीवर ठेवली, अगदी हळू, आणि रस्ता ओलांडून गेले. मागे बाबा. "काय केलंस हे, नेल." ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बरं झालं. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

२७ ऑक्टोबर

चौथी लावली. सगळ्या ताकदीने ठोकली. आता ही हत्तीलाही निघायची नाही.

३० ऑक्टोबर

निघाली. गुरुवार. बाबा तळ्यावर गेले नाहीत. पेकानची पिशवी पायरीवरून उचलून मी कोठीत टाकली. फेकवत नाही, खाववत नाही.

रोझेटाकडच्या पाट्या संपल्या.

४ नोव्हेंबर

मतदानाची रांग थेट अग्निशामक बंबाच्या आवारापर्यंत. म्हाताऱ्या बायका घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या, टोप्या घालून, जणू ईस्टर आहे. कुणीतरी भाजलेले शेंगदाणे वाटत होतं. मी हसत होते, रडत होते, दोन्ही.

बाबांनी मयताला घालायचा काळा सूट काढला. पुढच्या लोकांनी ओळखलं आणि वाट करून दिली. "या, मिस्टर टॉलिव्हर, तुम्ही पुढे या." ते गेले नाहीत. रांगेतच उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. आत गेले. खूप वेळ लागला. बाहेर आले तेव्हा ओठ घट्ट मिटलेले. दारातल्या कर्मचारी पोरीने त्यांच्या कोटाला 'मतदान केलं'ची चिकटपट्टी लावली. गाडीत बसल्यावर त्यांनी ती काढली, घडी घातली आणि पाकिटात ठेवली. म्हटलं, राहू द्या की, मिरवा जरा. "सुटाला डाग पडतो," म्हणाले.

५ नोव्हेंबर

झालं! झालं, झालं. आपला माणूस आला.

चर्चच्या तळघरात टीव्ही लावला होता. आकडे आले आणि एकदम शांतता. मग रोझेटाने जी किंकाळी फोडली! पाद्रीसाहेब गुडघ्यावर बसले. मी आईला हाक मारली, मोठ्याने, लाज वाटली नाही. एवढी माणसं एकदम रडताना मी फक्त मयतात पाहिली होती.

बाबा आले नव्हते. मी घरी आले तर पडवीचा दिवा बंद, सगळे पडदे ओढलेले, आणि त्यांनी आपला पलंग खिडकीपासून सरकवून आतल्या भिंतीला लावलेला. एवढा जड पलंग कसा सरकवला देव जाणे. म्हटलं, बाबा, जिंकलो आपण! त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "छान झालं, पोरी. दिवा लावू नकोस आता." थंडी वाजत असेल त्यांना. हल्ली अंगात काही राहिलं नाही.

आज कामावर वेगळंच. वांडा आणि मी एकाच ओट्यावर काम करतो. ती गोरी, तिची पोरं तिकडच्या खासगी शाळेत, जिथे आमच्यातलं कुणी नाही. सकाळपासून पावाचं पीठ आपटत होती. मग म्हणाली, "झालं ना तुम्हा लोकांच्या मनासारखं."

म्हटलं, झालं.

जरा वेळाने, खाली मान घालून, "माझ्या सासऱ्याने आज बंदुकीच्या गोळ्यांचे खोके आणले. दुकानात रांग होती म्हणे."

"कशाला?"

"आता तुम्ही लोक... म्हणजे तू नाही गं, व्हर्नेल."

"मी काय करणार वांडा, डावाने मारणार का तुझ्या सासऱ्याला?"

ती हसली. हसता हसता डोळे पुसायला लागली. कांदा नव्हता ओट्यावर. तिला कसलं रडू आलं, मला कळलं नाही, आणि तिलाही सांगता आलं नसतं. मीच पाव भट्टीत सरकवले.

२७ नोव्हेंबर

आज सणाचं जेवण. टर्की, मक्याच्या पावाचं सारण, कॉलर्डची भाजी, रताळ्याची गोड पाई. दरवर्षी पहिलं ताट झाकून समोर जातं. मिस्टर हॉइट एकटे, बायको गेल्यापासून. या वर्षी मी पाठवलं नाही. बाबा दाराकडे बघत जेवत होते.

"थंड होईल ना त्यांचं ताट," म्हणाले.

म्हटलं, त्याचं ताट वाढलेलंच नाही. बाबांनी काटा खाली ठेवला. मला फार राग आला. कुणासाठी करते मी हे सगळं? त्यांच्यासाठीच ना?

११ डिसेंबर

गुरुवार. बाबा गळ घेऊन पडवीत बसले. नुसते. दोरा गुंडाळला, सोडला, गुंडाळला.

२२ डिसेंबर

समोरच्या अंगणात पाटी लागली आहे! आधी डोळ्यांवर विश्वास बसेना. मग वाचली. घर विकणे आहे.

टपालवाला म्हणाला, मेंफिसला मुलीकडे जातायत, जानेवारीअखेर. इथे आता करमत नाही म्हणाले.

मला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही. बाबांना सांगितलं नाही. पण पडवीतून दिसतंच की.

१ जानेवारी २००९

काळ्या डोळ्याची चवळी, कॉलर्ड, शकुनाचं जेवण. वर्षाची सुरुवात. बाबांनी दोनच घास घेतले. सारखं समोर बघतात.

१८ जानेवारी, रविवार

या वर्षी चर्च ओसंडत होतं. परवा शपथविधी म्हणून जॅक्सनहूनही माणसं आली. पाद्रीसाहेबांनी बाबांना पुढे बोलावलं. पांढरं फूल. म्हणाले, "हा माणूस भ्यायला नाही, म्हणून आपण आज इथे आहोत." सगळे उठून उभे. टाळ्या थांबेनात. मी तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकसमोर उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं. "आभारी आहे," एवढंच. परत येताना पाय असे पडत होते की मी धावत जाऊन धरलं. भरून आलं असेल, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

१९ जानेवारी

शाळेला सुट्टी. बाबांना रोझेटाच्या नवऱ्याने दाढी-केसांना नेलं. म्हटलं, तेवढ्यात त्यांची गादी उलटवून घ्यावी, खोकल्याने घाम येतो, ओल धरते.

गादीखाली चार पाट्या.

तारेचे पाय काढून टाकलेले, एकावर एक नीट रचलेल्या. माती पुसलेली. फडक्याने, ओल्या फडक्याने, कोपऱ्या-कोपऱ्यातून. त्यावर जुनी चादर. म्हणजे तेव्हापासून ते त्यांच्यावर झोपत होते.

मी गादी पुन्हा घातली. चादरीची सुरकुतीसुद्धा होती तशी केली. मग स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसले. पडवीतली सरकवलेली खुर्ची. पाकिटात घातलेली चिकटपट्टी. पडदे, दिवा, पलंग. कालचं ते माइकसमोरचं तोंड. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी प्रत्येकाला दुसरंच नाव दिलं. ऊन, डाग, थंडी.

बाबा आले, गुळगुळीत दाढी करून. विचारलं, काय गं, डोळे लाल? म्हटलं, गादी झटकत होते, धूळ गेली. एकदम माझ्याकडे बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "धूळ असतेच."

२० जानेवारी

शाळेत शपथविधी मुलांना जेवणघरात दाखवला. वांडा माझ्या शेजारी उभी राहिली. शेवटपर्यंत. मुलं टेबलांवर चढून नाचली आणि दूध सांडलं. मी पुसत होते आणि माझं लक्ष नव्हतं.

तिथून थेट समोर गेले. मिस्टर हॉइटच्या घरात सगळीकडे खोकी. त्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाले, आत ये म्हणून.

म्हटलं, "पाट्या सापडल्या." पुढचं पाठ करून गेले होते, पण ते काही आलं नाही. नुसतं "मी चुकले" एवढं आलं.

त्यांनी मला खोक्यावर बसवलं, स्वतः दुसऱ्यावर बसले. "पहिल्या तीन त्याने स्वतः काढल्या. तू बाहेर गेलीस की. मी इथून बघायचो, कॉफी पीत. एकेकीला केवढा वेळ लागायचा! चौथी तू अशी ठोकलीस की त्याला हलेना. काठी टाकून गुडघ्यावर बसला बिचारा. मग मला हात करून बोलावलं. मी काढली ती. त्याच्या खोलीत नेऊन ठेवली."

"मी तुम्हाला तसं बोलल्यानंतर?"

"त्यानंतरच. तीस वर्षांत इझेलने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट."

विचारलं, सांगितलं का नाहीत? एवढं ऐकून घेतलंत. घर विकलंत.

ते खिडकीतून आमच्या पडवीकडे बघत होते. "त्याने सांगू दिलं नाही. म्हणाला, ती मला धीट समजते, मिस्टर हॉइट. तेवढं तिच्याजवळ राहू द्या."

मला रडू आवरलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला दिला. मग म्हणाले, "आणि त्या हिरव्या ट्रकचं. मी एकदा विचारलं होतं त्याला, तळ्यावर, फार पूर्वी. आत कोण होतं ते दिसलं का तुला? म्हणाला, अंधार होता, दिसलं नाही." नाक पुसलं त्यांनी. "तुमच्या त्या खोलीपुढे खांबावर दिवा होता, व्हर्नेल. मला माहीत आहे. मी वीस वर्षांचा होतो, घरीच होतो, बाप किती वाजता आला ते मला माहीत आहे."

मी त्यांना माफ केलं का? कोण मी करणारी. आणि त्यांनी मला केलं का, तेही विचारलं नाही. घर विकलं गेलंय, शुक्रवारी जाणार. म्हटलं, गुरुवारी बाबांना तळ्यावर न्याल? ते म्हणाले, नेईन. निघताना कोठीतली पेकानची पिशवी आठवली. आज सोलायची गरज नाही, सोललेलेच आहेत. पेकानची पाई करीन. दोन घरांना.

२१ जानेवारी

सकाळी बाबांनी कॉफी ढवळत विचारलं, "नेल, ती पाटी कोण नेत होतं, कळलं का गं शेवटी?"

"नाही, बाबा."

"असेल कुणी भित्रा."

म्हटलं, "मला नाही तसं वाटत." आणि त्यांच्या कपात साखर घातली.